विश्लेषण : एअर इंडिया टाटांकडे गेली, मग कर्ज कोणाच्या माथी?

8 ऑक्टोबर 2021 रोजी केंद्र सरकारने जाहीर केलं की, एअर इंडियासाठी टाटा समूहाची 18 हजार कोटी रुपयांची बोली मंजूर झाली आहे. 68 वर्षांनी 'महाराजा'ची घरवापसी, अशा बातम्या झळकल्या. पण या 18 हजार कोटींपैकी सरकारच्या हातात रोख किती आले? फक्त 2,700 कोटी. बाकीचा हिशेब समजून घ्यायचा, तर थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात कशी झाली?

15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा यांनी टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून उड्डाण केलं. अहमदाबादमार्गे ते मुंबईत जुहूला उतरले. हीच टाटा एअरलाइन्स 1946 मध्ये 'एअर इंडिया' झाली. 8 जून 1948 रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. याच वर्षी आंतरराष्ट्रीय सेवेच्या कंपनीत सरकारने 49 टक्के वाटा घेतला.

सरकारने ताबा का घेतला?

स्वातंत्र्यानंतर देशात अनेक छोट्या विमान कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यातल्या बहुतेक तोट्यात गेल्या. 1953 च्या कायद्याने सरकारने हे क्षेत्र ताब्यात घेतलं. देशांतर्गत सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स आणि परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया अशी विभागणी झाली. जेआरडींचा राष्ट्रीयीकरणाला विरोध होता, तरी ते 1978 पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले. 1960 मध्ये कंपनीच्या ताफ्यात बोइंग 707 आलं आणि जेट विमान वापरणारी ती आशियातली पहिली कंपनी ठरली. म्हणजे सरकारी मालकी आली आणि लगेच घसरण सुरू झाली, असं म्हणता येत नाही.

मग गाडी रुळावरून कुठे घसरली?

1994 मध्ये 1953 चा कायदा रद्द झाला आणि सरकारी मक्तेदारी अधिकृतपणे संपली. त्यानंतर स्वस्त तिकिटांच्या खासगी कंपन्या आल्या. 2000 च्या सुमारास निर्गुंतवणुकीचा प्रयत्न झाला, तो फसला. त्यानंतर दोन मोठे निर्णय झाले. पहिला, दोन्ही सरकारी कंपन्यांसाठी मिळून 111 विमानांची खरेदी आणि तीही प्रामुख्याने कर्ज काढून. दुसरा, 2007 मधलं दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण. वेगवेगळी विमानं, वेगळे पगार आणि सेवाज्येष्ठतेचे वाद एका छताखाली आले. 'कॅग'नेही 2011 च्या अहवालात या दोन्ही निर्णयांवर कडक ताशेरे ओढले. विलीनीकरणानंतर सरकारी मालकीत कंपनीला एकाही वर्षी निव्वळ नफा झाला नाही.

2009-10 पासून विक्री होईपर्यंत सरकारने रोख मदत आणि कर्जहमी मिळून 1 लाख 10 हजार कोटींहून अधिक रुपयांचं पाठबळ दिलं. तरीही शेवटी रोजचा तोटा सुमारे 20 कोटींवर होता. 2018 मध्ये 76 टक्के हिस्सा विकायला काढला, तेव्हा एकही बोली आली नाही. त्यामुळे 2020 मध्ये सरकारने पूर्ण 100 टक्के हिस्सा विक्रीला काढला.

18 हजार कोटींचा हिशेब काय?

31 ऑगस्ट 2021 रोजी कंपनीवर 61,562 कोटींचं कर्ज होतं. त्यातलं 15,300 कोटींचं कर्ज टाटांनी स्वीकारलं आणि 2,700 कोटी रोख दिले. उरलेलं 46,262 कोटींचं कर्ज 'एआय अॅसेट्स होल्डिंग' या सरकारी कंपनीकडे गेलं. त्यासोबत सुमारे 14,700 कोटींच्या जमिनी आणि इमारतीही तिच्याकडे आल्या. त्या सगळ्या विकल्या तरी कर्ज फिटत नाही. म्हणजे उरलेला भार करदात्यांवरच.

मुंबईत नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत याच मालमत्तांपैकी एक. ती महाराष्ट्र सरकारने 1,601 कोटींना घ्यायचं ठरवलं आणि 2024 मध्ये केंद्राने त्याला मंजुरी दिली. म्हणजे केंद्राच्या कंपनीचं कर्ज थोडं हलकं होणार, तेही राज्याच्या तिजोरीतून.

राष्ट्रीय कंपनी नसल्याने काय बिघडतं?

1990 मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, तेव्हा एअर इंडियाने एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणलं. सरकारी विमान कंपनी हवी, या बाजूचा हा सगळ्यात भक्कम दाखला. पण 2022 मध्ये युक्रेनमधून विद्यार्थ्यांना आणताना सरकारने खासगी कंपन्या आणि हवाई दलाची विमानं वापरली. संकटात विमानं मिळवण्यासाठी ती वर्षभर सरकारच्या मालकीची असावीच लागतात, असं नाही.

आता पुढे काय?

27 जानेवारी 2022 रोजी ताबा मिळाल्यानंतर टाटांनी 470 विमानांची मागणी नोंदवली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये 'विस्तारा' एअर इंडियात विलीन केली. 12 जून 2025 रोजी अहमदाबादच्या दुर्घटनेत विमानातल्या 242 पैकी 241 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर सुरक्षिततेचा प्रश्न सगळ्यात पुढे आला.

यापुढे एअर इंडियाचा नफा-तोटा तिच्या खासगी भागधारकांचा असेल. जुन्या निर्णयांचं बिल मात्र सरकारी खात्यावरच आहे. ज्यांनी कधी विमानात पाऊलही ठेवलं नाही, त्यांचाही त्यात वाटा आहे.