हवा, ऑइल पेंट आणि कापूस

पुण्यात कुणी ‘गाव कुठलं?’ विचारलं आणि मी ‘खामगाव’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘म्हणजे शेगावजवळ ना?’ हो, शेगावजवळ. अर्ध्या तासावर. ज्यांना थोडं जास्त माहीत असतं ते म्हणतात, ‘अरे, ते चांदीचं गाव!’ तेही खरंच. रजतनगरी म्हणतात आम्हाला. लग्नसराईत लांबलांबून लोक येतात, सराफ्यात शिरतात, समया, ताटं, पैंजण घेतात, पिशवी पोटाशी धरतात आणि मिळेल त्या गाडीनं परत. गाव बघतच नाहीत. आता बघण्यासारखं काय आहे, असं कुणी खनपटीलाच बसलं तर मीसुद्धा ‘जनुना तलाव’ म्हणतो आणि मग विषय बदलतो.

पण मंडळी, माझी एक प्रायव्हेट लिस्ट आहे. ती कुठल्याही टूरिस्ट गाइडमध्ये सापडणार नाही. नांदुरा रोड, अकोला रोड, शेगाव रोड. यातला कुठलाही धरा आणि चालायला लागा. गाव संपत आलेलं असतं आणि शेतं सुरू व्हायला अजून अवकाश असतो, असा एक पट्टा लागतो. पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, कुशन वर्क्स, गादी भांडार, एखादी नर्सरी, दोन पानठेले, विटांचा ढीग आणि त्या ढिगावर झोपलेलं कुत्रं. सेल्फी काढायला इथे कुणी थांबत नाही. मला विचाराल तर माझ्या गावातली सगळ्यात देखणी जागा हीच.

हा काही माझा एकट्याचा येडेपणा नाही हं. १९६३ साली एड रुशे नावाच्या अमेरिकन चित्रकारानं एक छोटंसं पुस्तक काढलं, ‘ट्वेन्टीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स’. आत काय, तर हायवेच्या कडेच्या सव्वीस पेट्रोल पंपांचे साधेसुधे फोटो. बस्स. वर्णन नाही, कौतुक नाही. तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ते पुस्तक ठेवून घ्यायलाही नकार दिला. या पठ्ठ्यानं त्या नकाराचीच जाहिरात केली! आज त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती संग्राहक शोधत फिरतात. आमच्या नांदुरा रोडवर सव्वीस पेट्रोल पंप नाहीत, पण पंक्चरवाले मोजायला घेतले तर रुशेसाहेबांना दुसरा भाग काढता येईल.

आमच्या गावाला रस्त्यानं आणि रुळानं घडवलंय, त्यामुळे रस्त्याच्या कडेला जरा जास्तच मान आहे. १८६० च्या दशकात तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. कापूस न्यायला १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. तो अजूनही खामगावात येऊन संपतो, पुढे जात नाही. पुढे जायचं काम हायवेचं. त्याचा नंबर पूर्वी सहा होता, २०१० च्या फेररचनेत ५३ झाला. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. याच हायवेच्या अमरावती-अकोला पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस रेकॉर्ड केलं होतं, आठवतंय? रस्ता सुसाट झाला, फारच छान झालं. फक्त सुसाट गाडीला कडेचं काही दिसत नाही. आणि कडेच्या धंद्याचं सगळं गणित कुणीतरी थांबण्यावर असतं.

माझा एक शाळकरी मित्र त्या गणितावरच जगतो. त्याचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि एक कडुनिंब. कडुनिंबाच्या फांदीला ट्रकचा जुना टायर टांगलाय, त्यावर पांढऱ्या रंगात ‘पंक्चर’. एवढाच बोर्ड. रात्री टायरच्या आत एक बल्ब लागतो आणि दुरून ते प्रकरण एखाद्या पिवळ्या चंद्रासारखं दिसतं. लाखो रुपये घेणाऱ्या इंटिरियर डिझायनरला हे सुचणार नाही, पैजेवर सांगतो.

तो ट्यूब तपासतो ते बघण्यासारखं असतं. आधी हवा भरतो, मग ट्यूब घमेल्यातल्या काळपट पाण्यात थोडीथोडी बुडवत फिरवतो. एका ठिकाणी बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. तिथे बोट. पण त्याआधी तो एक गोष्ट करतो, ती मला फार आवडते. ट्यूब कानाशी धरतो. बाजूनं ट्रक चाललेत, समोर कुणाच्या तरी वरातीचा डीजे आहे आणि हा डोळे मिटून ती बारीक सूंऽऽ ऐकतोय. बऱ्याचदा पाण्यात बुडवायची गरजच पडत नाही.

‘ट्यूबलेस आलं अन् मजा गेली बे,’ तो म्हणाला. ‘खिळा दिसते, उपटा, पट्टी भरा, चालले. दोन मिन्टं. गिऱ्हाईक गाडीवरून उतरत बी नाही. पयले बसत जाय. चहा मागवत जाय. आता स्कॅन करते अन् निंघते.’

मी म्हटलं, ‘पैसे तर पटकन मिळतात.’

‘हाव, पैसे भेटतात,’ तो म्हणाला आणि हात पुसायला लागला.

त्याच्या दुकानापासून थोडं पुढे एक पेंटरकाका भेटले. साठी उलटलेले, शर्टावर तीन दिवाळ्यांचे रंग. पिठाच्या गिरणीचा बोर्ड चालला होता. आमच्याकडे नवरात्रानंतर कोजागिरीला मोठी देवी बसते. त्या दिवसांत मंडळांच्या बोर्डांसाठी पेंटरांच्या मागे लागावं लागायचं, अशी एके काळची गोष्ट. आता मंडळं फ्लेक्स लावतात, त्यावर पन्नास पासपोर्ट साइज चेहरे असतात आणि देवी कुठेतरी कोपऱ्यात. असो.

काकांनी खडूची पूड लावलेली दोरी ताणली आणि ठप्पकन सोडली. पत्र्यावर सरळ रेघ. मग डावा हात काठीवर टेकवून उजव्या हातानं अक्षरं. पेन्सिलनं आधी काढून घेणं वगैरे भानगडच नाही. मी त्यांच्या ‘ख’वर खूश झालो. कॉम्प्युटरवरचा ‘ख’ आपण रोज बघतो, टापटीप असतो बिचारा. काकांचा ‘ख’ पोट सुटलेल्या, पण रुबाबदार माणसासारखा होता. म्हणाले, ‘पयल्या भागाची शेपटी दुसऱ्याच्या पोटाले टेकलीच पायजे. नाही त खामगावचं रवामगाव होते!’

हे ऐकून मला हनीफ कुरेशीची आठवण झाली. दिल्लीच्या या कलावंतानं रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं जमवून त्यांचे डिजिटल फॉन्ट करायला घेतले होते आणि फॉन्टला नावही त्या त्या पेंटरचं दिलं होतं. २०२४ मध्ये तो अकालीच गेला. मी मोठ्या उत्साहात काकांना हे सगळं सांगितलं. म्हटलं, तुमच्याही नावाचा फॉन्ट होऊ शकतो काका, जगात कुणीही वापरेल!

काकांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला. ‘जगात कोनीबी वापरीन,’ ते म्हणाले, ‘मंग मले कोन बोलावीन?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. एवढं मात्र दिसतं, की वऱ्हाडच्या उन्हात फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढराफटक पडतो आणि काकांनी मी शाळेत असताना रंगवलेला सायकल मार्टचा बोर्ड अजून वाचता येतो. सायकल मार्ट बंद पडलंय, ती वेगळी गोष्ट.

आता गादीची गोष्ट. खरं तर यावेळी मी गावी गेलो होतो तो तिच्यासाठीच.

बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. त्यानंतर घरात त्यांच्या वस्तूंचं काय करायचं याच्या चर्चा झाल्या, कुठल्याही घरात होतात तशा. चष्मा, घड्याळ, स्कूटर, सगळ्याला कुणीतरी मिळालं. गादी राहिली. नातेवाईक म्हणाले, देऊन टाका, तशी पद्धतच आहे. मी म्हटलं, मी चांगली फोमची आणून देतो. आई म्हणाली, ‘फोममध्ये बुडल्यासारखं होतं. आणि ही टाकायची नाही.’ का, तर ती १९८४ सालची, त्यांच्या लग्नाच्या वर्षी आमच्याच शेतातल्या कापसाची भरलेली. मधल्या काळात खोळी किती बदलल्या असतील, पिंजून किती वेळा झाली असेल, आत कापूस तोच.

म्हणून दिवाळीच्या आधी आम्ही ती गादी रिक्षात उभी घालून अकोला रोडला नेली. तिथे एक चाचा आहेत, आमच्याकडच्या गाद्या वर्षानुवर्षं तेच पिंजतात. कपाशीच्या गावातला पिंजारी म्हणजे गोदाकाठचा नावाडीच म्हणा ना. पूर्वी हे लोक खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार यायचे, तात छेडत यायचे आणि त्या टणत्काराला बायका ओसरीवर यायच्या. चाचांची धनुकली आता भिंतीवर टांगलीय. खाली मशीन आहे. मोटर, पट्टा, खिळ्यांचा ड्रम. एका बाजूनं दगडासारखा झालेला कापूस घालायचा, दुसऱ्या बाजूनं ढग बाहेर पडतो. शब्दशः ढग. उन्हाची तिरीप पत्र्यातून आत आली होती आणि तिच्यात कापसाचे कण तरंगत होते. चाचांच्या भुवया, पापण्या, दाढी, सगळं पांढरं. स्वित्झर्लंडला जाऊन बर्फ बघून आलोय मी, पण दुपारी दोन वाजता अकोला रोडवर पडलेला हा बर्फ त्याच्या तोडीचा होता.

गादी फोडण्याआधी वजन झालं. नऊ किलो. पिंजून झाल्यावर पुन्हा वजन, आठ किलो दोनशे. आई हिशेबाला पक्की. ‘चाचा, आठशे ग्रॅम कुठं गेलं?’

चाचांनी मशीनखालचा राखाडी ढिगारा काठीनं पुढे ओढला. ‘ये देखो भाभी. धूळ हाय. चाळीस सालची.’

आईनं तो ढिगारा बराच वेळ बघितला. मला वाटलं आता ही तोही पिशवीत भरून मागते की काय! पण ती म्हणाली, ‘बरं. आता दोन करा. एक मुलीला, एक मुलाला.’

इथे चाचा अडले. चार-चार किलोत गादी होत नाही, निदान दोन-अडीच किलो नवा कापूस प्रत्येकीत घालावा लागेल. नाही तर एकच पुरी गादी करू, आपल्या घरी ठेवा. आई म्हणाली, ‘नवा नाही घालायचा.’ मी म्हटलं, अगं घाल ना, काय फरक पडतो, निम्म्याहून जास्त जुनाच राहील. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. बाहेर ट्रकची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. चाचा बिडी न पेटवता बोटात फिरवत होते. घाई कुणालाच नव्हती. डिलिव्हरी स्लॉट नाही, काउंटरवर मागे खोळंबलेली लाइन नाही.

शेवटी चाचाच म्हणाले, ‘दोन होतील भाभी. पन मंग लेकराच्या होतील. लहान्या.’

‘मग लेकरांच्याच करा,’ आई म्हणाली. माझ्या बहिणीला दोन वर्षांची मुलगी आहे. मला अजून कुणी नाही. आईनं हे वाक्य माझ्याकडे अजिबात न बघता म्हटलं.

मग चाचांनी उलटी केलेली खोळ जमिनीवर पसरली, तिच्यावर कापूस थरावर थर रचला आणि सगळं वळकटीसारखं गुंडाळत नेलं. खोळीच्या तोंडातून हात घालून एका झटक्यात उलटवलं. कापूस आत, खोळ बाहेर. मी लहानपणापासून बघतोय, अजून नीट कळलेलं नाही हे कसं होतं. काठीनं ठोकून कापूस सारखा केला, मोठ्या सुईनं टाके घातले. तिरपे, एकसारखे, पट्टी न लावता. चाचांचा मुलगा अकोल्यात मोबाइलच्या दुकानात आहे. ‘अच्छा हाय, धूळ नही खानी पडती,’ ते म्हणाले. त्यांना खोकला आहे. मशीन बंद केल्यावर तो जास्त ऐकू येतो.

निघताना मी धनुकलीकडे बोट दाखवलं. चाचांनी ती खाली काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि तात एकदा छेडली. रिक्षावालासुद्धा वळून बघायला लागला. आई तोवर रिक्षात बसली होती, मांडीवर दोन्ही गाद्या घेऊन.

माझी आता पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या दाराशी घातलेली असते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खोळ, लांबी चार फूट. दुपारी एखादी मीटिंग रद्द झाली की मी तिच्यावर आडवा होतो. पाय फरशीवर येतात.