मेलेल्या डुकराचे पैसे मिळत नाहीत



मागच्या बैठकीत मी डुकरांच्या रोगाचा विषय काढला तर काहीजण हसले. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "दावे तिकडं उपविभागीय समितीत पडून आहेत, आणि तू डुकरं घेऊन बसलास?" तेव्हा मी गप्प राहिलो. म्हणून आता लिहितो.

मोर्च्याला तालुक्याला जायचं भाडं आपण कुठून काढतो? पट्ट्याच्या सुनावणीचं? पोराच्या वसतिगृहाचं? तेंदूपत्ता आणि मोह वर्षातून एकदाच. बांधीतलं धान घरी खायलाच पुरत नाही. मधल्या महिन्यांत नड आली की घरातलं एक डुक्कर जातं, तेव्हा हातात पैसा येतो. पंडुम, लग्न, मयत यांना लागतं ते वेगळंच. ज्या वर्षी डुकरं मेली त्या वर्षी सावकाराकडे किती घरं गेली, ते आपापल्या गावात मोजून पाहा. जमीन गहाण पडते ती अशाच वर्षी.

तीन वर्षांमागं पावसाळ्यात आमच्या गावात हेच झालं. आधी एका घरची डुकरीण खायची थांबली. अंग तापलेलं, कानाला आणि पोटाला लाल-निळे डाग, मागचे पाय लटपटत होते. मग शेजारची. आम्ही काय केलं? जे दुखणाईत दिसलं ते मरायच्या आधी कापलं आणि वाटे घातले. आतडी धुतलेलं पाणी, हाडं, सगळं उरलेल्या डुकरांपुढं टाकलं. मी स्वतः पानात बांधून बहिणीच्या गावी वाटा नेला. दहा-बारा दिवसांनी तिच्याकडची डुकरं पडायला लागली. कुणी देव कोपला म्हणाले, कुणी करणी म्हणाले. मला आता वाटतं, ते पान मीच नेलं होतं.

दवाखान्याला निरोप दिला होता. डॉक्टरची जागा रिकामी होती. दुसऱ्या दवाखान्यातून माणूस आला तोवर मेलेली पुरून झाली होती. नमुना कशाचा घेणार? त्यामुळे आमच्याकडे कोणता रोग आला होता ते आजही कुणी सांगू शकत नाही. कागदावर तर आमचं एकही डुक्कर मेलेलं नाही.

रोग दोन आहेत आणि बाहेरून सारखेच दिसतात. एक जुना, त्याला स्वाईन फीवर म्हणतात. त्याची लस आहे. पूर्वी ती सशाच्या अंगात वाढवून काढायचे, म्हणून थोडीच निघायची. आता इज्जतनगरच्या सरकारी संस्थेनं सशाशिवाय होणारी लस काढली आहे, तिला खर्चही अगदी कमी येतो. दुसरा आफ्रिकन स्वाईन फीवर. त्याला आपल्या देशात लसही नाही, औषधही नाही. हा आफ्रिकेतला. तिथल्या रानडुकरांच्या अंगात तो गुपचूप असायचा, त्यांना काही होत नसे. गोऱ्यांनी केनियात लोकांच्या जमिनी बळकावल्या, तिथं आपली डुकरं आणली, आणि ती पटापट मेली. १९२१ साली त्यावर पहिल्यांदा लिहिलं गेलं. (जमिनीचा विषय नाही म्हणणाऱ्यांसाठी हे सांगितलं.) २०१८ साली तो चीनमध्ये गेला, २०२० साली आसाम आणि अरुणाचलात आला. २०२१ मध्ये एकट्या मिझोराममध्ये तीस हजारांहून जास्त डुकरं मेली. तिथले लोकही आपल्यासारखेच, डोंगरातले. २०२२ साली तो मध्य प्रदेशात रीवाला निघाला. म्हणजे लांब राहिलेला नाही.

माणसाला हा रोग होत नाही. पण माणूसच तो नेतो. चपलेला लागलेल्या चिखलातून, व्यापाऱ्याच्या गाडीतून, दोरीतून, सुऱ्यातून, आणि सगळ्यात जास्त मांसातून. वाळवलेल्या, खारवलेल्या मांसातही तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो.

आता खरा अडचणीचा मुद्दा. आपले काही साथी म्हणतात, खबर देऊच नका, सरकार येईल आणि चांगली डुकरंही मारून टाकेल. भीती खोटी नाही. आफ्रिकन रोग पक्का झाला की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायचा नियम आहे. २०२० च्या केंद्राच्या दराप्रमाणे १५ किलोपर्यंतच्या पिलाला २,२०० रुपये आणि १०० किलोवरच्या डुकराला १५,००० रुपये आहेत. पण हे पैसे सरकारनं मारलेल्या डुकराचे. रोगानं आपोआप मेलेल्याचे नाहीत. म्हणजे जो आठ दिवस लपवतो त्याची सगळी मरतात आणि हातात काहीच येत नाही. वर शेजारच्या चार गावांची जातात. हा नियम अन्यायाचा आहे असं माझं मत आहे. डॉक्टर वेळेवर आला नाही तो दोष गरिबाचा कसा? मेलेल्याचेही पैसे द्या, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. पण आपल्या गावात किती डुकरं होती याचा कागदच नसेल तर मागणी कशाच्या जोरावर करणार?

म्हणून ग्रामसभेनं डुकरांची यादी करावी. घरवार, लहान-मोठी, वर्षातून दोनदा, ठरावाच्या वहीत सह्या-अंगठ्यांसह. जुन्या रोगाची लस मागायचा अर्जही याच यादीसोबत द्या, पोच घ्या. संसर्गजन्य पशुरोगांचा २००९ चा कायदा आहे. रोगाचा संशय आला की मालकानं पंचायतीला कळवायचं आणि पुढं डॉक्टरपर्यंत खबर जायची, असं त्यात आहे. आपण लेखी कळवलं की उशीर कोणाचा ते दिसतं. नमुना पुण्याला किंवा भोपाळला गेला का, हे दर बैठकीत विचारा.

गाव बंद करायची रीत आपल्याला नवी नाही. गायता-भूमियांनी सांगितलं की बाहेरचा माणूस आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. तसंच रोगाच्या दिवसांत डुक्कर बाजारात न्यायचं नाही, आणायचं नाही, वाटा बाहेर द्यायचा नाही. मेलेलं खोल पुरून वर चुना टाकायचा, नाल्यात टाकायचं नाही. डुकरं मोकळी सोडायची नाहीत. हे शेवटचं जड आहे, मला माहीत आहे. कोंडली तर खायला कुठून घालणार? निदान महिनाभर तरी, गावानं मिळून कोंडा गोळा करून. उष्टं घालायचं तर अर्धा तास चांगलं उकळून.

आणखी एक. रोग रानडुकरांतही शिरतो. २०२३ साली तामिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलात रानडुकरं त्यानं मेली. उद्या इथं तसं झालं तर वनखातं बोट कुणाकडे दाखवेल? जंगल राखायचा अधिकार वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं ग्रामसभेला दिला आहे. मेलेलं रानडुक्कर दिसलं तर घरी न आणता त्याची नोंद आपणच आधी करावी.

पुढच्या तालुका बैठकीत मी यादीचा ठराव मांडणार आहे. येताना आपापल्या गावचा आकडा आणा. हसणाऱ्या साथींनीही आणावा. बायांना विचारून आणा, कारण डुकरं त्या पाळतात आणि बैठकीला आपण पुरुष येतो.