दहावीचा निकाल लागण्याआधी



गेल्या पंधरवड्यात हरभऱ्यावरील घाटे अळी पाहण्यासाठी एका गावी शिवारफेरी होती. फेरी आटोपली, चहा झाला आणि मी निघालो, तेव्हा एक शेतकरी बंधू मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, पोरगं दहावीला आहे. पुढं कशाला घालू?"

मी विचारले, "त्याला कशाची आवड आहे?"

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मुलगा दहा पावलांवर मोटारसायकलला टेकून उभा होता. त्याला हा प्रश्न घरात कोणी विचारलाच नव्हता.

म्हणून आज खत-औषधांचा विषय बाजूला ठेवून या मुलाविषयीच बोलू. परीक्षा तोंडावर आली आहे. निकाल लागला की आठ-दहा दिवसांत घाईने प्रवेश उरकला जातो. बियाण्याची पिशवी घेताना आपण चार दुकाने फिरतो, पण मुलाच्या आयुष्याचा निर्णय एका दुपारी पारावर ठरतो. शेजारच्याचा मुलगा सायन्सला गेला, म्हणून आपलाही सायन्सला!

माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यावा, हे मी या सदरात अनेकदा सांगितले आहे. एकाच जागची माती घेऊ नये. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची घ्यावी, बांधालगतची व खताच्या ढिगाजवळची टाळावी. दहावीचे गुण म्हणजे एका जागची माती होय. ते खोटे नसतात, पण तेवढ्यावरून सगळ्या रानाचा अंदाज येत नाही. मूल रिकाम्या वेळी काय करते, कोणत्या कामात त्याला जेवणाची आठवण राहत नाही, कोणता विषय घोकावा लागतो आणि कोणता आपोआप लक्षात राहतो, हे सारे पाहावयास हवे.

हे शहाणपण मला उशिरा आले. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे थोरले बंधू गावी शेती करतात. त्यांच्या मुलाला दहावीला ८२ टक्के गुण पडले. भाऊ म्हणाला, "तू शिकलेला आहेस. तू सांगशील तसं करू." मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "सायन्सला घाला, तालुक्याला क्लास लावा." हा मुलगा सहावी-सातवीपासून विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसणारा. लाइन गेली की वस्तीवरची माणसे वायरमनच्या आधी त्याला हाक मारीत. हे मी डोळ्यांनी पाहिलेले होते, पण विचारात घेतले नाही.

क्लासच्या फीपायी त्या वर्षीचा कांद्याचा पैसा गेला. मुलगा बारावीला दोन विषयांत नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा राहिला. दिवाळीला मी गावी गेलो तर तो गोठ्यातून बाहेर आला नाही. पुढे त्याने स्वतःच आयटीआयचा अर्ज भरला, वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला, एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केली. आज तालुक्याला त्याचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. पण मधली तीन-चार वर्षे आणि तो पैसा वाया गेला तो गेलाच. भाऊ मला एका शब्दानेही बोलला नाही, याचेच मला अजून वाईट वाटते.

शास्त्र शाखा वाईट आहे, असे मी म्हणत नाही. ज्याला झेपते आणि आवडते त्याने ती जरूर घ्यावी. परंतु दहावीनंतर फक्त तीनच वाटा आहेत, हा समज काढून टाका. २०१६ साली आपल्या राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी घेण्यात आली होती. तिच्यात सात क्षेत्रे धरली होती. त्यांत शेती, ललित कला आणि गणवेशधारी सेवा हीही होती.

आता एकेक वाट पाहू.

आयटीआय. येथे प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी हे व्यवसाय दोन वर्षांचे आहेत. संधाता म्हणजे वेल्डर, ट्रॅक्टर मेकॅनिक हे एक वर्षाचे. काही व्यवसायांना दहावी नापास मुलालाही प्रवेश मिळतो. शिकून झाल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात काम शिकता येते व त्या काळात विद्यावेतन मिळते. "आयटीआय म्हणजे ढ मुलांची शाळा" असे चारचौघांत बोलू नका, मुलाच्या मनाला ते लागते. शिवाय हा शेवटचा थांबा नव्हे. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

तंत्रनिकेतन. दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका. ती झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ज्याला अभियंता व्हायचे आहे त्याला बारावीची वाट धरलीच पाहिजे असे नाही.

अकरावी-बारावी. येथे कोणता विषय सोडला म्हणजे कोणते दार बंद होते, ते आधी विचारून घ्या. गणित सोडले तर अभियांत्रिकी पदवीचे दार बहुधा बंद होते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून नौदलात वा हवाई दलात जायचे तर गणित व भौतिकशास्त्र लागते. जीवशास्त्र सोडले तर डॉक्टर आणि पशुवैद्य या वाटा मिटतात. कला वा वाणिज्य घेणाऱ्याला कायदा, शिक्षण, बँक या वाटा उघड्या असतात, आणि राज्यसेवेच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. पहाटे रस्त्याने पळणाऱ्या मुलांनाही एक सांगणे आहे. पोलीस शिपाई भरतीला बारावी उत्तीर्ण असावे लागते. पळण्याच्या नादात पुस्तक सुटू देऊ नका.

शेतीचे शिक्षण. राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी आपली चार कृषी विद्यापीठे आहेत. बी.एस्सी. कृषी पदवी चार वर्षांची, बारावी शास्त्रानंतर प्रवेश परीक्षेवर. शेवटच्या वर्षी ही मुले-मुली कृषिदूत व कृषिकन्या म्हणून गावात राहायला येतात. ती तुमच्या गावी आली की आपल्या मुलाला त्यांच्यासोबत दोन दिवस फिरू द्या. माझ्यासारख्या साहेबाच्या तासभराच्या भाषणापेक्षा त्याला अधिक कळेल. आणि एखादे मूल शेतीच करीन म्हणाले तर कपाळाला हात लावू नका. मात्र शिकून करील, हिशेबाची वही ठेवील, एवढी अट घाला.

मुलींविषयी. मायमाउल्यांनो, मुलाला आवड विचारतात, मुलीला मात्र "जवळ काय आहे?" एवढेच विचारले जाते. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास आहे. २०२४ साली शासनाने निर्णय घेतला, की आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या मुलींनी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. तेव्हा फी परवडत नाही, हे मुलीला घरी बसवण्याचे कारण होऊ देऊ नका. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी तिच्या लग्नाचा विषय काढूच नका. तो कायद्याने गुन्हा आहेच, पण त्याआधी तो तिच्यावर अन्याय आहे.

कागदपत्रे. येथे आपल्याकडे 'बैल गेला आणि झोपा केला' असे होते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तेथे नॉन-क्रिमिलेअर, हे सारे परीक्षा संपताच काढायला घाला. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात. शाळेच्या दाखल्यावरील नाव व जन्मतारीख आधारशी जुळते का, हे आजच पाहा. अल्पभूधारक असाल तर तसा दाखलाही काढून ठेवा. बाहेरगावी राहून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याला तो उपयोगी पडतो.

आणि मूल नापास झाले तर? पुरवणी परीक्षा त्याच पावसाळ्यात असते. एक पेरणी उलटली म्हणून आपण रान पडीक टाकत नाही, दुबार पेरतो. निकालाच्या दिवशी मुलाला एकटे सोडू नका आणि त्या दिवशी हिशेब मागू नका.

शेवटी एकच काम सांगतो. या आठवड्यात एका संध्याकाळी मोबाइल आणि टीव्ही बंद करून मुलाजवळ किंवा मुलीजवळ बसा. "तुला काय करावंसं वाटतं?" असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. पहिल्या दिवशी "माहीत नाही" असेच उत्तर येईल. रागावू नका, चार दिवसांनी पुन्हा विचारा. मग शाळेतील गुरुजींना, जवळच्या आयटीआयच्या निदेशकांना आणि त्या वाटेने गेलेल्या गावातल्याच एखाद्या मुलाला भेटा. निर्णय त्यानंतर, आणि तोही मुलाला सोबत घेऊन.

शिवारफेरीतल्या त्या मुलाला मी जाताना जवळ बोलावून विचारले. तो आधी वडिलांकडे पाहू लागला. वडील म्हणाले, "सांग की." तेव्हा तो हळूच म्हणाला, "मला जनावरांचं डॉक्टर व्हायचंय." बाप थक्क झाला. बाप-लेक दोघे बराच वेळ बांधावर बोलत उभे राहिले, आणि मी गाडीला किक मारली.

पुढील अंकात उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीविषयी.