आवाज हवा, चेहरा नको!



संध्याकाळी घरातली सगळी माणसे बातम्यांना बसली की बातम्या सांगणारा माणूस हळूहळू घरचाच वाटू लागतो. चेहरा ओळखीचा होतो, शब्दावर विश्वास बसतो. म्हणूनच त्या जागी कोणाचा चेहरा दिसावा, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आज आम्ही अशाच एका माणसाची हकीकत सांगणार आहोत. ती आहे अमेरिकेतली, पण आपल्या वाचकांना परकी वाटणार नाही.

मॅक्स रॉबिन्सन यांचा जन्म १ मे १९३९ रोजी व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात, एका कृष्णवर्णीय शिक्षकाच्या घरी झाला. त्या काळी तिथे गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. १९५९ साली, ऐन विशीत, त्याच राज्यातील पोर्टस्मथ शहराच्या टीव्ही केंद्रात त्यांना बातम्या वाचण्याचे काम मिळाले. आवाज भारदस्त होता. पण केंद्राने एक युक्ती केली होती. रॉबिन्सन बातम्या वाचू लागले की पडद्यावर केंद्राच्या नावाची पाटी दाखवली जाई. आवाज घराघरांत पोहोचे, माणूस मात्र कोणाला दिसत नसे.

एके रात्री रॉबिन्सन यांनी ती पाटी काढायला लावली. बातम्या कोण सांगतो आहे, ते प्रेक्षकांनी पाहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांची नोकरी गेली! बातमी चुकली नव्हती, उच्चार चुकला नव्हता. चुकला होता तो फक्त कातडीचा रंग.

दुसरा कोणी असता तर खचला असता. रॉबिन्सन १९६५ मध्ये राजधानी वॉशिंग्टनला आले आणि एका टीव्ही केंद्रात पडद्यामागच्या कामापासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुढे ते वार्ताहर झाले. अ‍ॅनाकोस्टिया या भागातील काळ्या लोकांच्या जीवनावर त्यांनी माहितीपट केला. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शहर पेटले, तेव्हाचे वृत्तांकनही त्यांनी केले. १९६९ मध्ये ते वॉशिंग्टनच्या स्थानिक टीव्हीवरील पहिले कृष्णवर्णीय वृत्तनिवेदक झाले. ज्याचा चेहरा झाकला होता, तोच चेहरा पाहण्यासाठी आता राजधानीतील घरे टीव्ही लावत होती.

आपण वर चढलो, आता शिडी काढून घ्यावी, असे त्यांनी केले नाही. १९७५ साली ४४ जणांनी मिळून कृष्णवर्णीय पत्रकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली, त्या संस्थापकांत रॉबिन्सन होते. १९७८ मध्ये एबीसी या देशव्यापी वाहिनीने रात्रीच्या मुख्य बातम्यांसाठी तीन निवेदक नेमले. वॉशिंग्टनहून फ्रँक रेनॉल्ड्स, लंडनहून पीटर जेनिंग्ज आणि शिकागोहून मॅक्स रॉबिन्सन. देशपातळीवरच्या टीव्हीवर तो मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

इथे गोष्ट संपली असती तर ती सुखान्त झाली असती. पण ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना पुढचे ठाऊक असते. आम्ही कारकुनी करणारी माणसे. आपल्या एखाद्या भावाला वरची खुर्ची मिळते, टेबलावर नावाची पाटी लागते, पण महत्त्वाची फाईल नेमकी त्या टेबलाला वळसा घालून जाते! रॉबिन्सन यांनाही हाच अनुभव आला. १९८१ मध्ये स्मिथ कॉलेजमधील भाषणात त्यांनी आपल्याच वाहिनीतील वंशभेदावर जाहीर बोट ठेवले. वरिष्ठ नाराज झाले. १९८३ मध्ये रेनॉल्ड्स वारले आणि मुख्य बातम्या एकट्या जेनिंग्ज यांच्याकडे गेल्या. रॉबिन्सन पुढच्या वर्षी शिकागोच्या एका स्थानिक केंद्रात गेले, पण तिथेही फार काळ टिकले नाहीत.

आम्हाला इथे काही लपवायचे नाही. दारूने आणि मनाच्या उदासीने त्यांना घेरले होते. 'पहिला' म्हणून बसणाऱ्यावर साऱ्या समाजाचे ओझे असते आणि ते वाटून घ्यायला शेजारी कोणी नसतो. त्या ओझ्याची ही किंमत होती, असे आम्हाला वाटते. २० डिसेंबर १९८८ रोजी वॉशिंग्टनमध्ये एड्सने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९. त्या काळी या आजाराचे नावही लोक दबक्या आवाजात घेत. पण आपला आजार झाकू नये, त्यातून आपल्या लोकांनी सावध व्हावे, अशी त्यांची इच्छा निधनानंतर जाहीर करण्यात आली. आयुष्यातली शेवटची पाटीही त्यांनी अशी काढायला लावली.

आज आपली मुले-मुली पत्रकारितेचे शिक्षण घेत आहेत. त्यांचे कौतुक करताना आईवडिलांनी ही हकीकत त्यांना जरूर सांगावी. कॅमेऱ्यासमोरची खुर्ची मिळवाच, पण कोणती बातमी द्यायची आणि कोणती गाळायची हे जिथे ठरते, त्या टेबलापर्यंतही पोहोचा. आणि हो, एकट्याने जाऊ नका. बरोबर चार जणांना घेऊन जा.