‘तिच्यासारख्यांची शाळा’ म्हणजे कोणती?

शाहू महाराजांच्या तसबिरीवरचा हार अजून पुरता सुकला नव्हता. २६ जून होऊन दोनच दिवस झाले होते. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे फुले, शाहू, आंबेडकर ओळीने, आणि त्या तिघांच्या खाली बसून सर आम्हाला सांगत होते, “तिला तिच्यासारख्यांच्या शाळेत टाका. इथं तिचेही हाल आणि आमचेही.”

ती शेजारच्या बाकावरच बसली होती. दहा वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. चालताना एक पाय ओढतो, उजवा हात आखडतो, बोलायला वेळ लागतो. ऐकायला मात्र अजिबात वेळ लागत नाही. सरांचं वाक्य आमच्याआधी तिला कळलं, कारण तिने दप्तर उचलून मांडीवर घेतलं.

गाव, शहर, शाळा, कुणाचंच नाव आम्ही इथे लिहीत नाही. शाळेची अब्रू वाचवायला नव्हे. तिला दहावीपर्यंत त्याच शाळेत जायचं आहे म्हणून.

चौथीपर्यंत ती गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकली. दोन खोल्या, एकच मजला. तिथल्या बाईंनी फार मोठं काही केलं नाही. तिला लिहायला जास्त वेळ दिला, पाढे तोंडी घेतले आणि ती बोलत असताना बाकीच्या पोरांना गप्प बसायला शिकवलं. ती शाळा चौथीपर्यंतच. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करायला शहरात आले, आईने चार घरची धुणीभांडी धरली. नवी शाळा वस्तीपासून चालत दहा मिनिटांवर. खासगी अनुदानित. म्हणजे शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून, आणि प्रवेश मात्र आमच्या मर्जीने, असा थाट.

आई म्हणाली, “लेकरू हुशार हाय सर. निस्ता हाताला येळ लागतो.”

सर म्हणाले, “ताई, मला कळतं हो. पण साठ पोरं आहेत वर्गात. पाचवी दुसऱ्या मजल्यावर. पडली-बिडली तर जबाबदार कोण?”

हा माणूस दुष्ट नव्हता, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. त्याने आईला खुर्ची दिली, पाणी विचारलं. लहानग्या भीमरावाला वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसवणारे मास्तरही घरी मायाळू बाप असतील. ते गोणपाटही शाळेच्या गड्याने शिवायचं नाही म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. हे बाबासाहेबांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलं आहे. दरवर्षी ७ नोव्हेंबरला त्यांचा शाळाप्रवेश आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. भाषणं होतात, निबंध होतात. पण प्रवेश मिळाल्यावर त्या वर्गात पोरगं बसलं कुठे, हा प्रश्न भाषणात क्वचितच येतो.

तुलना करताना आम्ही सावध आहोत. अस्पृश्यता आणि अपंगत्व एकच नव्हे. जात माणसाने रचलेली आहे, शरीराची अडचण खरी असते, ती नाकारून कुणाचं भलं होत नाही. तिचा पाय ओढतो हे खरं. पण पाचवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर निसर्गाने ठेवलेला नाही. तो वेळापत्रक करणाऱ्याने ठेवला. तळमजल्यावर स्टाफरूम आहे, संस्थेचं कार्यालय आहे, आणि वर्षातून चार बैठकांना उघडणारा एक हॉल आहे. म्हणजे अडचण पायात किती आणि जिन्यात किती, याचा हिशेब मांडायला नको का?

कायद्याने तो मांडलेला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम ५ म्हणतं, ज्या शाळेत आठवीपर्यंतची सोय नाही तिथल्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. कलम १५ म्हणतं, मुदत संपली म्हणूनही नाकारता येत नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम १६ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांना सांगतं की भेदभाव न करता प्रवेश द्या, इमारत आणि आवार वापरता येईल असं करा, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्या. याच कायद्याच्या व्याख्येत वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर कलम ३१ नुसार ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, तेही जवळच्या शाळेत किंवा मुलाच्या पसंतीच्या विशेष शाळेत. मुलाच्या पसंतीच्या. मुख्याध्यापकांच्या नव्हे.

हे सगळं आम्ही तोंडी सांगितलं तेव्हा सर हसले आणि म्हणाले, “कायदे खूप आहेत हो.” मग आम्ही दोन ओळींचा अर्ज पुढे सरकवला. ‘प्रवेश द्यावा. देता येत नसल्यास कारणासह लेखी कळवावे.’ खाली आईची सही, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच द्या म्हणालो. नकार लिहून द्यायची वेळ आली की भलेभले नरम पडतात. लिपिकाने आवक क्रमांक टाकताना तीन वेळा सरांच्या तोंडाकडे पाहिलं. चौथ्या दिवशी निरोप आला, प्रवेश देतो, पण एक हमीपत्र लागेल. मुलीला शाळेत काही इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.

आई सही करायला तयार होती. हे आम्हाला सगळ्यात जास्त लागलं. पेन हातात घेऊन ती म्हणाली, “करू द्या भाऊ, घेतायत तर खरं.” पिढ्यानपिढ्या आपल्याला हेच शिकवलं गेलं. आत घेतायत, यातच उपकार माना. असं हमीपत्र मागण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात नाही, अपंग हक्क कायद्यातही नाही. बाकी साठ पोरांच्या आईबापांकडून ते मागितलं का? नाही. मग हे हमीपत्र म्हणजे कागदाचं गोणपाटच झालं. पोरगी वर्गात बसेल, पण तिच्यापुरतं वेगळं काहीतरी घरून आणावं लागेल. आईला समजवायला आम्हाला एक रात्र लागली. दुसऱ्या दिवशी तिने सही न करता कागद परत दिला.

आणि मग फोन आला. सरांचा नाही, आपल्याच एका कार्यकर्त्याचा. “आपल्या माणसाची संस्था आहे. शहरात आपल्या दोनच शाळा. कशाला बदनाम करता? मनुवाद्यांच्या शाळेत जाऊन भांडा ना.”

हा लेख खरं तर या फोनसाठी लिहिला आहे.

संस्था आपल्या माणसाची आहे, म्हणूनच तर तिथे गेलो. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते कुणाला वगळून? जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणासाठी मांडणी केली. त्यात ‘चालता येणाऱ्या बहुजनांच्या’ अशी अट होती का? तसबीर लावली की जबाबदारी येते. ज्यांना ती नको असेल त्यांनी भिंत मोकळी ठेवावी.

पण संस्थाचालकाला झोडपून आम्ही सुटत नाही. चळवळीचाही हिशेब करू. शिष्यवृत्ती अडली की आपण समाजकल्याण कार्यालयावर मोर्चा नेतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना २५ टक्के प्रवेशातून सूट दिली, तेव्हा आपण ओरडलो, आणि १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला तेव्हा पेढे वाटले. बरोबरच केलं. पण वस्तीतलं एखादं मूल बोलत नाही, चालत नाही, वर्गात बसू शकत नाही म्हणून घरी राहतं, तेव्हा आपण काय करतो? ‘बिचारं’ म्हणतो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत अपंग व्यक्तींचं प्रमाण २.२१ टक्के होतं, अनुसूचित जातींमध्ये २.४५. हा जास्तीचा आकडा आभाळातून पडलेला नाही. या मुलीची आई सांगते, बाळ जन्मल्यावर रडलं नाही, उपकेंद्राला कुलूप होतं, जीप मिळेपर्यंत पहाट झाली. कुलूप असलेलं उपकेंद्र कुणाच्या वाट्याला येतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. तरी हा प्रश्न आपल्या अजेंड्यावर नाही.

‘बिचारं’ या शब्दावरून दुसऱ्या एका शब्दाकडे येऊ. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि बघता बघता तो कार्यालयांच्या पाट्यांवर चढला. अपंग हक्क चळवळीतल्या अनेकांनी तेव्हाच विरोध केला होता. आपण गप्प राहिलो, खरं तर आपल्याला तो डाव सगळ्यात आधी ओळखू यायला हवा होता. माणसाला हक्क द्यायचा नसला की त्याला देवाशी जोडतात. ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालायचा प्रयत्न १९३८ साली मुंबई विधानसभेत झाला, तेव्हा बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड विरोधात उभे राहिले, आणि स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. नाव गोड नको, वागणूक सरळ हवी, हा तो वाद होता. आज आपलेच कार्यकर्ते ३ डिसेंबरला ‘दिव्यांग बांधवांना’ फळवाटप करतात आणि फोटो टाकतात. दाखल्यावर सरकारी शब्द येईल तो येवो, त्यासाठी कुणाचं काम अडवू नये. पण आपल्या तोंडी तो का?

आणि कर्म! धम्म घेऊन किती वर्षं झाली? तरीही या मुलीच्या आजीला शेजारणीने सांगितलंच, “मागल्या जन्मीचं असंल काही.” शेजारीण दर पौर्णिमेला विहारात वंदनेला असते. मागच्या जन्माच्या पापाने या जन्माचं दुःख ठरतं, ही शिकवण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना तपासून बाजूला सारली, कारण तिच्यात गरिबाला आणि पीडिताला त्याच्याच माथी दोष मारण्याची सोय आहे. जातीच्या बाबतीत आपण ते पाठ केलं. अपंगत्वाच्या बाबतीत आजीच्या जुन्याच पोथीवर चाललो आहोत. त्या विहारालाही सात पायऱ्या आहेत, कठडा नाही. मुलगी आईच्या कडेवर बसून आत जाते. दहा वर्षांची मुलगी.

आता आक्षेप. विशेष शाळा चांगली नसते का? असते, काही मुलांसाठी तीच योग्य असते. सांकेतिक भाषेतून शिकणाऱ्या कर्णबधिर मुलाला, जिथे सगळे त्याची भाषा बोलतात अशी शाळा म्हणजे मोकळा श्वास. आम्ही कुणालाही सामान्य शाळेत कोंबायला निघालेलो नाही. पण निवड आणि हकालपट्टी यातला फरक विसरू नका. या मुलीला वाचता येतं, गणित येतं, घर दहा मिनिटांवर आहे. आणि सरांनी ‘तिच्यासारख्यांची शाळा’ म्हटलं, तेव्हा ती कुठे आहे, तिथे पोचायचं कसं, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त ‘इथे नाही’ एवढंच माहीत होतं.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो खरा आहे. एका वर्गात साठ मुलं, वर जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये किती मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, याचं प्रमाण ठरवायला सरकारला सांगितलं. प्रत्यक्षात आमच्याकडे येणारी विशेष शिक्षिका कंत्राटावर, तिच्याकडे कित्येक शाळा, आणि फिरायला स्वतःची स्कूटी. तेव्हा शिक्षकांनो, तुमचं ओझं आम्हाला दिसतं. ते सरकारच्या दारात उतरवायला चला, आम्ही पुढे होतो. पण ते दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर देऊ नका.

प्रवेश झाला. हमीपत्राविना. पाचवीची एक तुकडी तळमजल्यावर आली, तीही दुसऱ्या अर्जानंतर, जो आम्ही गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत लावून दिला. त्या अर्जात कलम ८९ चा उल्लेख होता. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, नंतरच्या प्रत्येकाला पन्नास हजार ते पाच लाख. सरांचा सूर त्या दिवशी बदलला. हे वाचणाऱ्या कार्यकर्त्यांना एवढंच सांगतो, शाळेत एकटे जाऊ नका आणि आईला मागे बसवू नका. अर्ज तिच्या नावाने, बोलणं आधी तिचं. आम्ही पहिल्या दिवशी ही चूक केली, अर्धा तास आम्हीच बोलत राहिलो आणि मायलेकी ऐकत राहिल्या. मुलीला काय हवं हे तर तिसऱ्या भेटीपर्यंत कुणी विचारलंच नाही. विचारलं तेव्हा ती म्हणाली, संडासाचं दार आतून लावता येत नाही, कडी फार वर आहे. आमच्या एकाही अर्जात कडी नव्हती.

कडी खाली आली. तिला लागून एक दांडा बसला, वस्तीतल्याच वेल्डरने बसवला, मजुरी घेतली नाही. वर्गशिक्षिका आता तिच्या चाचण्या अर्ध्या तोंडी घेतात. सहामाहीनंतर शाळेची सहल गेली, तेव्हा हिला ‘बसची अडचण आहे’ म्हणून घरी ठेवलं. ते आम्हाला सहल परतल्यावर कळलं. त्याचाही अर्ज दिला आहे, उत्तर अजून नाही.

येत्या जूनमध्ये ती सहावीत जाईल. सहावीचा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. पुढचा अर्ज या वेळी तिने स्वतः लिहायला घेतला आहे, डाव्या हाताने. दोन ओळी झाल्या आहेत.