वर पंगत, खाली तळघर

कालवे आपल्याकडे वऱ्हाडात कोणी फारशी खाल्लेली नसतील. खाडीतल्या खडकाला चिकटून राहणारा हा शिंपल्यातला जीव. कोकणात खाडीकाठची माणसे तो फोडून कालवण करतात. गेल्या शतकाच्या आधी न्यूयॉर्क शहरात मात्र गरीब-श्रीमंत सारेच कालवे खात. त्या धंद्यात ज्या घराण्याने नाव काढले, त्याची मुळे गुलामगिरीत होती. ही हकिकत घरात मुलाबाळांना वाचून दाखवावी अशी आहे.

थॉमस डाउनिंग यांचा जन्म १७९१ साली व्हर्जिनियातील चिंकोटीग येथे झाला. आईवडील गुलामीतून सुटलेले. पोरगा लहानपणीच खाडीतले काम शिकला. १८१९ साली ते न्यूयॉर्कला आले आणि १८२५ साली ब्रॉड स्ट्रीटवर त्यांनी कालवांची खाणावळ काढली. आसपास बँका आणि पेढ्या. अंधारात स्वतः होडी वल्हवीत जाऊन ते बाजाराआधीच चांगला माल निवडून घेत. कालवे मुरवून परदेशी पाठवण्याचा धंदाही त्यांनी वाढवला. त्यांची कालवे राणी व्हिक्टोरियापर्यंत पोचली आणि राणीने त्यांना सोन्याचे घड्याळ पाठवले, असे सांगतात.

वरच्या दालनात बँकवाले, वकील, व्यापारी असे गोरे लोक जेवत. त्याच इमारतीच्या तळघरात दक्षिणेतून पळून आलेले गुलाम लपवले जात. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला आसरा देणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. एका चहाडीने सारा धंदा बुडाला असता. तरी तळघराचे दार बंद झाले नाही.

मुलगा जॉर्ज याने बापाचा धंदाही चालवला आणि लढाही. ऱ्होड आयलंड राज्यात काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत बसवीत. त्याविरुद्ध तो वर्षानुवर्षे झगडला आणि १८६६ साली ती पद्धत बंद झाली. त्याच वर्षी १० एप्रिलला थॉमस वारले. आदल्या दिवशी, ९ एप्रिलला, कृष्णवर्णीयांना नागरिकत्व देणारा कायदा काँग्रेसने अध्यक्षांचा विरोध डावलून मंजूर केला होता. थॉमस यांच्या सन्मानार्थ न्यूयॉर्कच्या व्यापारी मंडळाने आपले कामकाज बंद ठेवले.

तिकडचा गोरा काळ्याच्या हातचे खाई, पण त्याला शेजारी बसवीत नसे. इकडे तर हातचे पाणीही चालत नव्हते. खुद्द बाबासाहेबांनी परदेशातून परतल्यावर मुंबईत शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. जात कळताच गिऱ्हाईक फिरकेना. म्हणून आज आपल्यातला कोणी खानावळ, किराणा किंवा मसाल्याची गिरणी काढतो, तेव्हा त्याला फक्त दुकानदार समजू नका. त्याच्याकडूनच माल घ्या.

आणि दुकानदार बंधूंनो, वहीत जमा-खर्च लिहिताना एक रकाना तळघराचाही ठेवा. आपल्या गल्ल्यातून कोणाच्या मुलाची फी भरली गेली, अडल्या वेळी कोणाला आसरा मिळाला, तेही त्यात लिहा. डाउनिंग घराण्याची खरी शिल्लक तीच होती.