वैमानिकाची वयोमर्यादा

कर्जतच्या शाळेतील शिक्षक 58 वर्षांचा झाला की सेवानिवृत्त होतो. त्याची स्मरणशक्ती व आवाज शाबूत आहे काय, हे कोणी विचारीत नाही. शाल-श्रीफळ मिळते आणि हजेरीपटावरून नाव जाते. असा नियम मुकाट्याने पाळणाऱ्यांना, 65 व्या वर्षी विमानातून उतरविले जाते म्हणून तक्रार करणाऱ्या वैमानिकाचे गाऱ्हाणे चमत्कारिक वाटेल. परंतु 2017 पासून याच जिल्ह्यात शिर्डीचा विमानतळ आहे. तेव्हा हा प्रश्न आता परका राहिलेला नाही.

तक्रारीत तथ्य आहे. अमेरिकेने 1960 मध्ये 60 वर्षांची मर्यादा घातली, ती 2007 मध्ये 65 केली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2006 मध्ये 65 हा आकडा मान्य केला, पण जोडीचा वैमानिक साठीच्या आतील असावा असे ठरविले. 2014 मध्ये ही अटही गेली. आयुर्मान वाढले हे खरे. तरी आकडा शास्त्राने ठरतो की वैमानिकांच्या तुटवड्याने, अशी शंका येतेच.

जे. आर. डी. टाटा यांनी 1932 मधील आपले कराची-मुंबई उड्डाण 15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 78 व्या वर्षी, पुन्हा करून दाखविले. मर्यादेच्या विरोधकांना हा दाखला प्रिय वाटावा. पण त्या विमानात तिकीट काढलेले प्रवासी नव्हते! स्वतःचा जीव पणाला लावणे वेगळे, दीडशे जणांचा भार वाहणे वेगळे.

साठीनंतर वैमानिकाची वैद्यकीय तपासणी दर सहा महिन्यांनी होते. मग वयाची अट हवीच कशाला, असे विचारले जाते. तपासणी त्या दिवसाची प्रकृती सांगते. उद्याचा हृदयविकाराचा झटका ती खात्रीने सांगू शकत नाही. शिवाय ठाम रेषा नसली तर निर्णय कोणाच्या तरी मर्जीवर जातो. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना 35 व्या वर्षी निवृत्त व्हावे लागे आणि पुढील मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकाच्या इच्छेवर असे. नर्गेश मिर्झा खटल्यात 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा स्वेच्छाधिकार अवैध ठरविला. तेथे वयाची अट सुरक्षिततेसाठी नव्हती, हा भेद महत्त्वाचा. पण मर्जीचा धोका वैमानिकांच्या बाबतीतही तोच आहे. माणसे कमी पडत असलेल्या कंपनीला प्रत्येक अनुभवी वैमानिक तंदुरुस्तच दिसणार.

म्हणून 65 ची रेषा तूर्त राहावी. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने 2025 मध्ये ती 67 करण्याची मागणी मांडली. तिचा विचार करण्यापूर्वी साठीपुढील वैमानिकांच्या तपासण्यांचे निष्कर्ष, नावे वगळून, लोकांपुढे ठेवले पाहिजेत. तुटवडा हे कारण चालणार नाही. राहिला अनुभव. तो वाया जाण्याचे कारण नाही. सिम्युलेटरवर नवशिक्यांना शिकविताना प्रशिक्षकाच्या पाठीमागे प्रवासी बसलेले नसतात.